मधले चार आकडे

माइक चालू

"सत्तर-अठ्ठावन्न लिहितात," ओकबाईंनी वाचलं, "'गिऱ्हाईक जाकिटात अडकलंय. झिप वरही जात नाही, खालीही येत नाही. कात्री लावू देत नाही. त्याला धीर येईल असं एखादं गाणं लावा.' लावते हं. त्यांना सांगा, आधी श्वास सोडा."

गाणं झालं. आठ मिनिटं गेली.

"पुन्हा सत्तर-अठ्ठावन्न! 'उणे वीस अंशांत काम करतोय. रेडिओ बाहेर ठेवलाय, तो ऐकू यावा म्हणून शीतगृहाचं दार वीतभर उघडं आहे. मालकाला सांगू नका.' अहो, मघाशी शिलाईच्या दुकानात होतात ना? आठ मिनिटांत बर्फात? आणि ते गिऱ्हाईक कुठंय? तेही गोठवलंत की काय?"

एप्रिलातला मंगळवार, दुपारचे दोन वाजून एकोणीस मिनिटं. त्या दोघांची पहिली भेट अशी झाली. तिथे दोघंही हजर नव्हते.

माइक बंद

मी 'दुपारचं अंगण' या कार्यक्रमाची लेखिका. श्रोत्यांचे निरोप निवडते, सारखे करते, कापते. लोक मोबाइलवरून निरोप पाठवतात आणि नाव घालत नाहीत. माझ्या पडद्यावर पूर्ण नंबर दिसतो, हवेत जातात ते शेवटचे चार आकडे. आमचा आवाज पूर्व किनाऱ्यावरच्या सात गावांत पोचतो. एवढ्या लोकांत दोघांचे शेवटचे चार आकडे सारखे निघाले तर नवल नाही. दोघांनी एकाच दुपारी लिहावं, हे जरा नवल.

ओक गुम-रान बावीस वर्षं हा कार्यक्रम चालवतात. नियम एकच: इथे राजकारण नाही. सोयाबीन आंबवायच्या मडक्यावर कुठल्या रंगाची बुरशी आली तर घाबरावं, जावई जेवताना फोन बघत असेल तर सासूने काय करावं, फ्रिज मधूनच का कण्हतो, यावर आमच्याकडे तासन्‌तास बोलणं होतं. कुणी मंत्र्याचं नाव काढलं की ओकबाई हाताशी ठेवलेला पितळी वाडगा लाकडी चमच्याने वाजवतात आणि थेट गाणं लागतं. वाडगा त्यांच्या सासूचा आहे. टॅक्सीवाले आमचाच कार्यक्रम लावतात, कारण मागे बसलेल्याशी भांडण होत नाही.

निरोप — वाचलेले

७०५८ : मी बर्फात नाही. तो दुसरा कुणीतरी आहे. गिऱ्हाईक सुटलं.

७०५८ : मी शिवत नाही. पण शिवून घ्यायचं आहे. जाकिटाचा आतला खिसा फाटलाय, मोबाइल अस्तरात जाऊन बसतो. काढायला जाकीट उलटं धरून झटकावं लागतं.

७०५८ : खिसा शिवायला चार मिनिटं लागतात. झटकायला किती?

७०५८ : झटकताना पाय मोकळे होतात.

"थांबा, थांबा," ओकबाई म्हणाल्या. "मला चक्कर येतेय. एक सुई सत्तर-अठ्ठावन्न, एक बर्फ सत्तर-अठ्ठावन्न. यापुढे लिहिताना आधी सुई की बर्फ ते लिहायचं. आणि बर्फवाले, बाईंना पाय मोकळे करायच्या गोष्टी सांगू नका. त्या दिवसभर मशीनवर बसलेल्या असतात."

गाणं, तीन मिनिटं

गाणं चालू असताना सांगून टाकते. पुढे त्या दोघांकडून आणि सुईच्या मावशीकडून ऐकलं. तिघांचं जुळतं तेवढंच लिहितेय.

सुई म्हणजे मो हे-वॉन. वय एकोणतीस. मुखो बंदराच्या बाजारात तिच्या मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मशीन, एक इस्त्री, एक रेडिओ. रेडिओ मावशीचा, म्हणून आवाजाचं बटणही मावशीच्या बाजूला.

बर्फ म्हणजे प्यो सॉंग-उ. बत्तीस वर्षांचा. मासळीच्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत बंदरं फिरतो. एप्रिलमध्ये तो सामचॉकला होता, मे महिन्यात जुमुनजिनला. जिथे काम तिथली खानावळ, तिथलाच बिछाना.

हे-वॉन हसायची तेव्हा पायडल थांबायचं. मावशीला मशीनच्या आवाजावरूनच कळायचं.

"आज काय म्हणतोय बर्फ?"

"कोण?"

"मशीन का थांबलं?"

"दोरा तुटला, मावशी."

"महिनाभर रोज दोन वाजता तुटतो. रीळ बदल."

निरोप — वाचलेले

बर्फ : सुईबाई, तुमचा फोन नंबर मला जवळजवळ पाठ आहे. पहिले तीन आकडे सगळ्या देशाचे सारखेच. शेवटचे चार माझेच. फक्त मधले चार राहिलेत.

सुई : जवळजवळ पाठ असलेल्या नंबरावर फोन लागत नाही.

बर्फ : दहा हजार शक्यता आहेत. रोज वीस फोन केले तरी…

सुई : तोवर माझे केस पिकतील.

बर्फ : आत्ता काळे आहेत, हे समजलं.

ओकबाईंनी कपाळावर हात मारला. रेडिओवर तो दिसत नाही, पण ऐकू आला. "मधले चार आकडे आमच्या लेखिकाबाईंना दिसतात. त्या सांगणार नाहीत. माझ्या नवऱ्याचा पगारसुद्धा त्यांना ठाऊक आहे, तोही सांगत नाहीत."

खरं होतं. श्रोत्यांचे नंबर फक्त बक्षीस पाठवायला वापरायचे, अशी माझ्या टेबलाच्या काचेखाली सूचना आहे.

निरोप — न वाचलेला

सुई : हे वाचू नका. फक्त एवढंच विचारायचं होतं… त्यांचा आवाज कसा आहे? त्यांनी कधी फोन केलाय का तुम्हाला?

केला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. लेखिका उत्तर देत नाही.

माइक बंद

मे महिना संपता संपता निवडणूक आली. गल्लीगल्लीत प्रचाराचे गाडे फिरू लागले. नुसता आवाज आणि त्यावर नाचणारी माणसं. आमच्याकडे उमेदवार नंबराने ओळखतात. नंबर एक, नंबर दोन. फोटोत एक बोट दाखवायचं की दोन, याचाही लोक विचार करतात. मावशीच्या दुकानात दोन्ही पक्षांची जाकिटं ढिली-घट्ट करायला आली. एका खुंटीवर निळी, एका खुंटीवर लाल. मावशी दोन्ही खुंट्यांवर सारखी संख्या राहील असं बघायची.

"एक लाल जास्त झालंय, हे-वॉन. लवकर शिव आणि दे त्याला."

आमच्याकडे नूडल्सची चर्चा चालू असताना ओकबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मला विचाराल तर दोन नंबरचीच टपरी चांगली." पाच मिनिटांत एका आजोबांचा फोन. त्यांना केंद्रप्रमुखच हवे होते. दुसऱ्या दिवशी माझ्या काचेखाली आणखी एक कागद आला : मतदान होईपर्यंत 'एक नंबर', 'दोन नंबर' हे शब्द हवेत जाऊ नयेत.

मी कापू लागले. दोन नंबरची बस 'दीपस्तंभावरून जाणारी बस' झाली. एक नंबरचा धक्का 'जुना धक्का' झाला. पहिल्या दोन दिवसांत लक्ष देऊन कापत होते. मग हाताला सवय झाली.

निरोप — वाचलेला. म्हणजे, जवळजवळ

सोमवार, मतदानाच्या दोन दिवस आधी. असा आला :

बर्फ : सुईबाई, तुमच्या निरोपांत सीगल मासळी पळवतात आणि दीपस्तंभाच्या पायऱ्या चढून गिऱ्हाइकं धापा टाकत येतात. तुम्ही मुखोच्या बाजारात असणार. उद्या सकाळी मुखोहूनच सुटणाऱ्या बोटीने मी उल्लुंग बेटावर जातोय. वर्षाचं काम आहे. आज पाच वाजता बाजाराच्या दोन नंबर फाटकाशी उभा राहीन. हातात फाटक्या खिशाचं जाकीट असेल. नाही आलात तर समजेन की… नाही आलात.

असा गेला :

"…'आज पाच वाजता बाजाराच्या फाटकाशी उभा राहीन. हातात फाटक्या खिशाचं जाकीट असेल.'"

वाक्य कुठे अडखळलं नाही. ओकबाईंचा आवाज शेवटी थोडा हलला. मी पुढचा निरोप सरकवला, भोपळ्याच्या वेलीवरच्या किडीबद्दल.

मुखोच्या बाजाराला पाच फाटकं आहेत.

पाच वाजता

हे-वॉन चार नंबरच्या फाटकाशी उभी राहिली. दुकानातून तेच जवळ, आणि तिच्यापुरतं बाजाराचं फाटक म्हणजे तेच. तिने मावशीची लिपस्टिक लावली होती, मग पुसली होती, मग पुन्हा लावली होती.

पाच वीस. ती एक नंबरला जाऊन आली. मग तीनला. मग पाचला, तिथे फक्त बर्फाचे रिकामे खोके.

पाच चाळीसला ती दोन नंबरच्या फाटकाशी पोचली. दोन नंबरचा उमेदवार आपला गाडा दुसरीकडे कुठे लावणार? शंभर-दीडशे माणसं, सगळ्यांच्या अंगात जाकिटं. निम्म्यांची शिवण तिच्याच हातची. हातात जाकीट घेतलेला एक माणूस तिला त्या गर्दीत शोधायचा होता. उकडत होतं, वीस-पंचवीस जणांनी जाकिटं काढून हातात घेतली होती.

तो गाड्याच्या पलीकडे होता. पाच वाजल्यापासून. नाव ठाऊक नसल्यामुळे त्याने जे ठाऊक होतं तेच ओरडून पाहिलं : "सत्तर-अठ्ठावन्न! सत्तर-अठ्ठावन्न!"

शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला. "सत्तर टक्के? कुठे मोजलं? आपल्याच वॉर्डात का?"

भोंग्यापुढे बाकी कुणाला काहीच ऐकू गेलं नाही. सहा वाजता ती दुकानात परतली. मावशीने रीळ बदललं.

निरोप — मंगळवार, दुपारी दीड. न वाचलेले, अजून

सुई : मी चार नंबरच्या फाटकाशी होते. मग सगळ्या फाटकांशी. यापुढे मी 'सुई' लिहिणार नाही, नुसतं ७०५८. आता दोघांत फरक करायची गरज नाही.

बर्फ : धुक्यामुळे सकाळची बोट थांबलीय. धक्क्यावर बसून आहे. ओकबाई, तुमचा कार्यक्रम बेटावर ऐकू येतो का? येत नसेल तर बरंच. दोन नंबर फाटकाशी गर्दी खूप होती. कुणी आलं नाही.

दोन्ही निरोप पडद्यावर एकाखाली एक होते. मी आदल्या दिवसाचा मूळ निरोप उघडला. मग आम्ही वाचलेला कागद काढला. पेन्सिलीची रेघ सरळ होती. माझ्या रेघा नेहमी सरळ असतात.

माइक बंद

"तुम्हीच कापलंत?" ओकबाई म्हणाल्या.

"सूचना होती."

"सूचना मलाही आली होती. मी विचारतेय, कापताना वाचलंत का?"

मी घड्याळ बघितलं. कार्यक्रमाला बारा मिनिटं होती.

"तिला फोन करू का? नंबर आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "त्यालाही करते."

"बावीस वर्षांत आपण कुणाला असा फोन केलाय? आज यांना केलात, उद्या दुसरा कुणी येऊन नंबर मागेल." त्यांनी वाडगा जवळ ओढला. "चूक हवेत झालीये, लेखिकाबाई. हवेतच दुरुस्त करायची. बोट कधी सुटणार, ते तेवढं बंदरावर विचारा."

मी विचारलं. धुकं पातळ व्हायला लागलं होतं. तीन वाजता, बंदराचे लोक म्हणाले, कदाचित आधीच.

माइक चालू

"दुपारचे दोन वाजून चार मिनिटं. आज सुरुवातीलाच माफी मागायची आहे. काल आम्ही एका निरोपातले दोन शब्द गाळले. ते शब्द होते, दोन नंबर. बाजाराचं दोन नंबरचं फाटक. बर्फवाले, सुई आली होती. सगळ्या फाटकांशी जाऊन आली. सुईबाई, बर्फ आला होता. पाच वाजल्यापासून उभा होता. दोघांचा काही दोष नाही. दोष आमचा आहे. बोट तीनला सुटतेय."

टण्ण.

"हा वाडगा माझ्यासाठी. आणि कुणाची तक्रार नको म्हणून सांगते : एक, तीन, चार आणि पाच नंबरच्या फाटकांनाही आमच्या तितक्याच शुभेच्छा. गाणं लावा. लांबलचक लावा."

गाणं, सहा मिनिटं

मशीन थांबलं.

"दोरा नाही तुटलेला," मावशी म्हणाली. "ऊठ."

"मावशी, हे जाकीट साडेतीनला द्यायचंय. नंबर एकवाले ओरडतील."

"नंबर दोनवाल्यांचंही बाकी आहे. दोघं सारखेच ओरडतील. सुई घे बरोबर. काळा दोरा घे. लिपस्टिक राहू दे, धावताना पसरते."

ती दीपस्तंभाच्या बाजूने खाली उतरली. धुक्यात पायऱ्या दहाच दिसत होत्या, पुढच्या पायाला कळत होत्या.

धक्क्यावर प्रवाशांची खोली भरली होती. भिंतीवरच्या टीव्हीत दोन उमेदवार एकमेकांवर तुटून पडले होते आणि खाली बसलेले सगळे तिकडे बघत होते. एक माणूस सोडून. तो खोलीच्या मधोमध उभा राहून जाकीट उलटं धरून झटकत होता. इअरफोनची वायर अस्तरात गेली होती. मोबाइल अस्तरातून गात होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. अजून धापा टाकत होती.

"पाय मोकळे झाले?" ती म्हणाली.

त्याने झटकणं थांबवलं. तिच्याकडे बघितलं.

"केस काळेच आहेत," तो म्हणाला.

"द्या ते इकडे."

"काय?"

"जाकीट, अजून काय? चार मिनिटं लागतात म्हणाले होते ना?"

ती बाकाच्या टोकाला बसली. खिसा बाहेर ओढला. दोरा तिसऱ्या वेळी ओवला गेला. तो शेजारी बसला… मग जरा सरकला… मग पुन्हा होता तिथे आला.

"माझं नाव प्यो सॉंग-उ."

"मो हे-वॉन."

"मो… नाव छोटं आहे."

"फाटक सांगायला विसरला नव्हतात, तेवढं बरं. मी काल रात्रभर तुम्हाला बिनडोक म्हणत होते."

"आणि मी तुम्हाला हुशार. नाही आली, म्हणजे हुशार असणार, असं."

ती हसली. टाका वाकडा गेला. तिने तो उसवला नाही.

"वर्ष म्हणजे वर्ष?" तिने खाली बघत विचारलं.

"तेवढी यंत्रं आहेत तिथे. महिन्यातून दोन दिवस सुटी. बोट असली तर."

"धुकं असलं तर?"

"तर फोन. पण जवळजवळ पाठ असलेल्या नंबरावर फोन लागत नाही म्हणतात."

भोंगा वाजला. लोक उठले, खोके उचलले गेले. रांग दाराकडे सरकू लागली. तिने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"चार," ती म्हणाली.

"अं?"

"पहिला आकडा. मधल्यातला पहिला. चार. मग नऊ. लिहून नको घेऊस, ऐक. मग सहा."

'घेऊस' तिच्या तोंडून निघून गेलं होतं. दोघांनाही ते कळलं. दोघांनीही काही दुरुस्त केलं नाही.

"आणि चौथा?"

"चौथा तू परत आलास की."

"अगं, दहाच शक्यता राहिल्या!" तो रांगेबरोबर सरकत म्हणाला. "शून्यापासून सुरू करीन. बेटावर उतरल्या उतरल्या."

"कर ना. मी उचलेनच असं नाही."

"उचलशील."

"कशावरून?"

त्याने जाकीट अंगात घातलं, मोबाइल आतल्या खिशात टाकला आणि दोन उड्या मारल्या. मोबाइल जागेवर राहिला. मागची बाई म्हणाली, "अहो, चला ना पुढे! नाचताय काय?" तो चालता चालता मान मागे वळवून म्हणाला, "चार मिनिटांचं काम होतं, हे-वॉन. तू अकरा मिनिटं लावलीस."

मग धुकं. बोटीचा फक्त आवाज गेला.

माइक बंद

बुधवारी मतदान झालं. कोण निवडून आलं ते आमच्या कार्यक्रमात सांगितलं नाही. केंद्राकडे मंगळवारबद्दल दोन तक्रारी आल्या. एकाचं म्हणणं, ओकबाईंनी दोन नंबरचा प्रचार केला. दुसऱ्याचं, दोन नंबरची टिंगल केली. ओकबाईंनी दोघांना एकच पत्र लिहिलं. मी ते सारखं केलं. काहीही कापलं नाही.

माइक चालू

गुरुवार, दोन वाजून एकोणीस मिनिटं.

"सत्तर-अठ्ठावन्न लिहितात, 'सात फोन चुकले. शून्यावर एक प्रार्थनाघर होतं. तीनवर एक आजोबा भेटले, त्यांनी वीस मिनिटं सोडलं नाही, सुनेबद्दल सांगत होते. सहावरच्या बाई म्हणाल्या, मला हवं होतं असं कुणीतरी. आठवा बरोबर लागला. ओकबाई, एखादं गाणं लावा.'"

ओकबाई थांबल्या. निरोपाच्या सुरुवातीला सुई लिहिलं नव्हतं, बर्फही लिहिलं नव्हतं. त्यांनी काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं. माझ्या पडद्यावर पूर्ण नंबर होता. मधले चारही.

मी खांदे उडवले.

"कोणाचा निरोप आहे ते लिहिलेलं नाही," ओकबाई म्हणाल्या, "आणि आमच्या लेखिकाबाई काही सांगायच्या नाहीत. राहू दे. दोघांचा समजू. दोन नंबरचं गाणं लावा. हो, दोन नंबरचं! आता म्हणता येतं."